ऑपरेशनच्या आधीच कळतं का, केमो लागू पडतेय की नाही? (हाडाचा कॅन्सर)

खाडीकाठचा | १४ जून, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे मासे आणि कोकण रेल्वे या दोनच विषयांवर तोंड उघडतो. आज वेगळंच विचारायचंय.

माझा भाचा, वय १५, राजापूर तालुक्यातला. शाळेच्या कबड्डी संघात चढाईला असायचा. डिसेंबरात डावा गुडघा दुखायला लागला. मुका मार समजून आधी तेल, मग जवळच्या एका डॉक्टरांच्या गोळ्या, मग क्रेप बँडेज. मार्चमध्ये रात्री झोपेतून उठून रडायला लागला तेव्हा कुठे एक्स-रे काढला. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला गाठ. परळला बायोप्सी झाली, ऑस्टिओसार्कोमा. तिथल्या व्हरांड्यात सगळे ओजीएस म्हणतात, आता आम्हीही तेच म्हणतो. छातीचा सीटी स्वच्छ आला.

ऑपरेशनच्या आधी चार सायकल केमो ठरल्यात, दोन झाल्या. पोरगा चिपाडासारखा झालाय. डॉक्टर म्हणाले की औषध किती लागू पडलं ते ऑपरेशननंतर कळेल, काढलेलं हाड तपासून. ९० टक्क्यांच्या वर गाठ मेलेली असली तर चांगलं.

ताईचा प्रश्न साधा आहे. औषध आज देताय, मग ते चालतंय की नाही हे तीन महिन्यांनी का? आधी का नाही? मधल्या एमआरआयमध्ये गाठ होती तेवढीच आहे म्हणाले, तेव्हापासून ती जेवत नाही. भाऊजींच्या मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर काहीतरी पाठवलंय, की आता एआयने आधीच सांगता येतं. आम्ही स्वतःहून पेट स्कॅन करून घ्यावा का? कुणाला अनुभव?

ताईने गावच्या देवळात कौलही लावलाय. उजवा आला, म्हणजे होकार. मी काही बोललो नाही.

सुरंगी | १४ जून, रात्री ११:२०

वाचून कसंतरी झालं. माझ्या माहितीत फक्त एक गोष्ट आहे ती सांगते. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येता रेल्वेत सवलत असते. स्लीपर आणि थ्री टायर एसीत रुग्णाचं तिकीट पूर्ण माफ, सोबत्याला ७५ टक्के. हॉस्पिटलातून ठरावीक नमुन्यातलं सर्टिफिकेट घ्यावं लागतं. आम्हाला हे माझ्या सासऱ्यांच्या चौथ्या फेरीला कळलं.

लॅबवाली | १५ जून, सकाळी ७:१०

खाडीकाठचा, मी पॅथॉलॉजिस्ट आहे, हाडांच्या गाठी बऱ्यापैकी पाहिल्यात. आता रत्नागिरीत असते. "नंतरच का" याचं उत्तर आमच्या टेबलावर आहे, म्हणून जरा लांबण लावते.

सर्जन गाठीसकट हाडाचा तुकडा काढून पाठवतात. आम्ही तो करवतीने उभा चिरतो, बरोबर मधोमध, आणि एक पातळ फाळका काढतो. त्याचा फोटो काढतो, त्यावर बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटी आखतो आणि प्रत्येक चौकटीतला तुकडा वेगळ्या डबीत घालतो. हाड असं कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता येत नाही, आधी आम्लात बुडवून त्यातला चुना काढावा लागतो. त्यालाच दिवसच्या दिवस जातात. मग एकेका चौकटीत किती पेशी मेल्या आणि किती जिवंत राहिल्या ते पाहायचं आणि सगळ्याची बेरीज करून टक्के काढायचे. याला नेक्रोसिस म्हणतात. न्यूयॉर्कचे पॅथॉलॉजिस्ट अँड्र्यू ह्युवोस यांच्या नावाने चार श्रेणी आहेत. पहिलीत जेमतेम परिणाम, चौथीत एकही जिवंत पेशी नाही. तिसरी आणि चौथी, म्हणजे ९० टक्के आणि वर, त्याला "चांगला प्रतिसाद" म्हणायचं.

आधी बायोप्सीची सुई घालून का नाही बघत, असं विचारतात लोक. गाठ आठ-दहा सेंटीमीटरची आणि सुईत येतो शेवयाएवढा तुकडा. एका कोपऱ्यात सगळं मेलेलं असतं, दोन बोटांवर जिवंत. सुई कुठे लागली त्यावर उत्तर बदलेल.

देवगडकर | १५ जून, सकाळी ८:०२

म्हणजे साका.

आंब्याच्या धंद्यात नसलेल्यांसाठी सांगतो. हापूस बाहेरून सोन्यासारखा, वास फर्स्ट क्लास, देठ बरोबर, आणि कापला की आत बाठ्याजवळ पांढरट, आंबूस गोळा. त्याला साका म्हणतात. तीस वर्षं बागायती करतोय, पेटीत हात घालून शपथेवर सांगू शकत नाही यातला कुठला साक्याचा निघेल. कापल्याशिवाय कळत नाही. एक्स-रे लावून, किरण टाकून न कापता साका ओळखायचे प्रयोग शास्त्रज्ञ करतात, पण माझ्या पडवीत अजून तसलं यंत्र आलेलं नाही.

मॅडम, बरोबर समजलो का?

लॅबवाली | १५ जून, सकाळी ८:१५

इतकं बरोबर की पुढच्या वेळी विद्यार्थ्यांना हेच सांगेन. फरक एकच, इथे आतलं जितकं मेलेलं निघेल तितका आनंद.

रातांबा | १५ जून, सकाळी ९:३०

कौल, साका... या धाग्यावर विज्ञान कधी येणार? उजवा कौल आला म्हणून औषध बदलणार आहात का? देवळातले तांदूळ आणि पोराच्या गाठीचा काय संबंध? सुशिक्षित माणसांनी तरी हे लिहू नये.

मालवणी_मसालो | १५ जून, सकाळी ९:४१

अरे रातांब्या, सकाळी सकाळी आंबट कित्या? आवस आसा ती. देवान कौल दिल्यान तरी ऑपरेशन डॉक्टरच करतलो, ह्या तिका ठाऊक आसा. पोरगो बरो होवंदे म्हणान गाऱ्हाणा घातल्यान, तुझा काय गेला?

काजूबी | १५ जून, सकाळी ९:४३

होय म्हाराजा!

तिरफळ | १५ जून, दुपारी १:०५

एआयच्या मेसेजबद्दल लिहितो. माझी नोकरी प्रतिमांवर गणितं चालवायची आहे (गोव्यात, दुसऱ्याच क्षेत्रात), आणि आते-भावाला हाच आजार होता म्हणून यावर बरंच वाचलंय.

करतात काय, तर केमोच्या आधीचा किंवा मधला एमआरआय घ्यायचा, गाठीची कड आखायची आणि त्या भागातून शेकडो आकडे काढायचे. कडा किती खडबडीत, करडे ठिपके किती एकसारखे, आत किती चट्टेपट्टे. याला रेडिओमिक्स म्हणतात. मग ज्यांचं नेक्रोसिस नंतर कळलंय अशा जुन्या रुग्णांवर संगणकाला शिकवायचं. पेपरात आकडे झकास दिसतात.

खोट कुठे आहे? आजार दुर्मीळ, त्यामुळे बहुतेक अभ्यासांत रुग्ण शे-दोनशे, कधी त्याहून कमी. आकडे शेकडो आणि माणसं कमी, मग संगणक पाठांतर करतो. एका हॉस्पिटलच्या मशीनवर शिकलेला दुसऱ्या मशीनसमोर गांगरतो. मुंबईत पोहायला शिकलेल्याला दाभोळच्या खाडीत उतरवल्यासारखं. मुळात ज्या उत्तरपत्रिकेवरून त्याला शिकवलं, ते नेक्रोसिसचे टक्के, तेच माणसाने अंदाजाने लावलेले. ८८ की ९२ यावर दोन पॅथॉलॉजिस्टांचं एकमत होईल का? लॅबवाली रागावू नयेत.

तरीही मी आशावादी आहे. वेगवेगळ्या हॉस्पिटलांनी स्कॅन एकत्र केले तर हे जमेल. पण आज, तुमच्या भाच्यासाठी? नाही.

लॅबवाली | १५ जून, दुपारी १:४०

रागावले नाही. ८८ आणि ९२ मध्ये एकमत होईलच असं नाही, खरं आहे. ९० ही माणसाने आखलेली रेघ आहे, ८९ वाला तिथून कड्यावरून खाली पडत नाही.

जुना_क्षकिरण | १५ जून, सायंकाळी ६:२५

निवृत्त रेडिओलॉजिस्ट. आता दापोलीजवळ नारळ मोजतो. खाडीकाठचा, तुमच्या बहिणीला आज रात्रीच हे सांगा. ऑस्टिओसार्कोमात गाठ आकाराने कमी झाली नाही याचा अर्थ औषध चाललं नाही असा होत नाही.

ही गाठ स्वतःच कच्चं हाड बनवते. पेशी मेल्या तरी ते हाड जागेवर राहतं. गाव ओसाड पडलं तरी चिऱ्याची घरं उभी राहतात ना, तसं. युइंग सार्कोमा हा हाडाचा दुसरा कॅन्सर, साधारण त्याच वयात होणारा, त्यात हाडाबाहेरचा मऊ भाग केमोने झरझर वितळतो आणि स्कॅन पाहूनच घरच्यांचे चेहरे फुलतात. बाजूच्या खाटेवरच्या युइंगवाल्या पोराशी तुलना करून लोक रडत बसतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. उलट बाजूही सांगतो, आकार वाढला तर मात्र डॉक्टर गंभीर होतात.

मग आकाराशिवाय काय बघता येतं? एक म्हणजे डिफ्यूजन एमआरआय. गणपतीच्या आदल्या दिवशी दादरला तुतारी एक्स्प्रेससाठी उभी असलेली गर्दी डोळ्यांसमोर आणा. कुणाला कूस बदलता येत नाही. जिवंत गाठीत पेशी अशाच दाटलेल्या, त्यामुळे पेशींमधलं पाणी हलू शकत नाही. पेशी मेल्या, त्यांच्या भिंती फुटल्या, की गाडी गेल्यानंतरचा फलाट. पाणी मोकळं फिरतं आणि मशीनला ते मोजता येतं. दुसरं, शिरेतून रंग सोडून तो गाठीत किती झटकन शिरतो ते पाहणे. जिवंत गाठ अधाशासारखी घेते, मेलेली सावकाश. तिसरा पेट, गाठ साखर किती खाते ते. केमोनंतर साखर खाणं बरंच उतरलं तर शकुन चांगला.

तिन्हींचा कल खरा आहे, पण एकेका मुलाबद्दल छातीठोक सांगण्याइतकी रेघ कुठे मारायची यावर अभ्यासांचं एकमत नाही. केमोआधीचा पेट नसेल तर आताच्या एकट्या पेटची तुलना कशाशी करणार? स्वतःच्या खिशातून घाईने करू नका. डॉक्टरांना विचारा, त्यांना हवा असेल तर ते सांगतीलच.

सुरंगी | १५ जून, सायंकाळी ६:५०

काका, दादरची गर्दी 😄 आता एमआरआयच्या मशीनमध्ये गेले की मला तुतारीच दिसणार.

उंडी | १५ जून, रात्री ८:१२

रक्ताची तपासणी असते ना? आमच्याकडे अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलं होतं, तेवढ्यावरच डॉक्टरांनी पुढे पाठवलं.

जुना_क्षकिरण | १५ जून, रात्री ८:३०

असते. निदानाच्या वेळी खूप वाढलेलं असेल तर आजार जास्त, केमोने उतरलं तर बरं, इतपत. पण वाढत्या वयाच्या मुलात ते मुळातच जास्त असतं, आणि पोरगं पंधराचं आहे. रक्तात तरंगणारे गाठीच्या डीएनएचे तुकडे मोजायचं संशोधनही चालू आहे. युइंगमध्ये ते सोपं, कारण बहुतेकांत दोन जनुकं ठरावीक पद्धतीने एकमेकांना चिकटलेली असतात, तेवढीच खूण शोधायची. ऑस्टिओसार्कोमात गुणसूत्रांचा नुसता चिवडा झालेला असतो, आणि प्रत्येकाचा वेगळा.

हाडवैद्याचा_नातू | १५ जून, रात्री ९:००

आमच्या आजोबांकडे कुडाळपासून लोक यायचे. एक लेप आहे, गाठ बसते. केमोबरोबर घ्यायला हरकत नाही, निसर्गाचंच आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

लॅबवाली | १५ जून, रात्री ९:०४

हरकत आहे. कृपया व्यनि करू नका. या गाठीला चोळणं, मालीश, गरम लेप, काहीही नको. हाड आतून पोखरलेलं असतं, मोडलं तर गाठीच्या पेशी आजूबाजूला सांडतात आणि पाय वाचवणं कठीण होऊन बसतं. पोटातून घ्यायच्या पाल्याबद्दलही तेच. केमोची औषधं यकृत आणि मूत्रपिंडावर आधीच ओझं टाकतात.

हाडवैद्याचा_नातू | १५ जून, रात्री ९:२२

आजोबा स्वतः म्हणायचे की रात्री दुखणारी गाठ आपली नव्हे, मिशन हॉस्पिटलात न्या. तेवढं मान्य. प्रतिसाद मागे घेतो.

वेंगुर्ल्याचा_बाप | १६ जून, पहाटे ५:३५

झोप नव्हती म्हणून सगळं वाचलं. लिहू की नको करत होतो.

माझी मुलगी. उजवा खांदा. नेक्रोसिस ९६ टक्के आलं होतं. पेढे वाटले आम्ही, खरोखरचे पेढे. पावणेदोन वर्षांनी फुप्फुसात दोन ठिपके. ते काढले, पुन्हा केमो झाली. आता ती बारावीला आहे, दर तीन महिन्यांनी सीटी असतो.

तक्रार नाही. एवढंच सांगायचंय की तो आकडा आला की सगळं कळलं असं नसतं. आम्ही त्या आकड्यावर फार विसंबलो.

काजूबी | १६ जून, सकाळी ७:४८

वर मी नुसतं "होय म्हाराजा" करून गेले, पण आता लिहायलाच हवं.

मी तो आकडा आहे. १४ वर्षांपूर्वी, सोळाव्या वर्षी, गुडघ्याखालचं हाड. नेक्रोसिस सत्तरच्या घरात. केस पेपरवर इंग्रजीत "प्रतिसाद कमी" असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं आणि त्या रात्री आईला विचारलं, माझी सोन्याची बुगडी कुणाला देणार. आज मी कुडाळजवळ शाळेत शिकवते. गुडघ्यात धातूचा सांधा आहे, एकदा बदललाय. बुगडी माझ्याच कानात आहे.

वेंगुर्ल्याचे काका ९६ घेऊन झगडतायत आणि मी सत्तर घेऊन इथे बसलेय. ढोबळ हिशेब मी डॉक्टरांना नंतर विचारला होता. आजार पसरलेला नसेल तर चांगल्या प्रतिसादाची दहातली सात-आठ मुलं पाच वर्षांनी असतात, कमी प्रतिसादाची पाच-सहा. फरक आहेच. पण त्या पाच-सहांतलं कुणीतरी फळ्यावर अपूर्णांक शिकवत असतं.

आणि खाडीकाठचा, भाच्याला ऐकू कमी येतंय का, कानात गुंई होतंय का हे विचारत राहा. सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाने मला वरच्या पट्टीचा आवाज ऐकू येईनासा झाला. मी सांगितलंच नाही कुणाला, केमो थांबवतील म्हणून.

घाटावरून_कोकणात | १६ जून, सकाळी ११:१५

मेडिकल ऑन्कॉलॉजीत शिकतोय. चर्चा उत्तम, पण कुणी विचारलंच नाही असा प्रश्न विचारतो. समजा आज कळलं की केमो कमी लागू पडतेय. मग वेगळं काय करणार?

थोडा इतिहास. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये पाय कापण्याऐवजी धातूचा सांधा बसवायला सुरुवात झाली. सांधा त्या त्या मुलाच्या मापाने घडवून यायला दोन-तीन महिने लागत. तोवर गाठीला मोकळं सोडायचं कसं, म्हणून केमो आधी देऊ लागले. आणि काढलेल्या हाडात दिसलं की औषधाने गाठ मेलीय. म्हणजे हा ९० टक्क्यांचा सगळा प्रपंच सुताराकडून खाट येईपर्यंतच्या वेळात जन्मला. त्याआधी, नुसता पाय कापून, पाचातलं एखादंच मूल वाचायचं.

तेव्हा वाटलं, झकास. कमी प्रतिसाद दिसला की औषध बदलू. याची सर्वांत मोठी परीक्षा म्हणजे युरामॉस-१ नावाचा अभ्यास. २००५ ते २०११, युरोप आणि अमेरिका मिळून २२६० रुग्ण. कमी प्रतिसादवाल्यांपैकी ६१८ जणांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलं. एका गटाला तीच तीन औषधं, दुसऱ्याला त्यात आणखी दोन. २०१६ मध्ये निकाल छापला. जास्त औषधांनी फायदा झाला नाही, त्रास मात्र वाढला.

त्याआधी, २००७ मध्ये छापलेला दुसरा अभ्यास. केमोचे डोस जवळजवळ आणून दिले. चांगला प्रतिसाद ३६ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेला. टाळ्या? नाही. जगणाऱ्यांचं प्रमाण होतं तिथेच. आकडा सुधारला, आजार नाही. आणि २००३ चा आणखी एक छोटा अभ्यास, आधी ऑपरेशन की आधी केमो, शेवटी फरक दिसला नाही.

म्हणून डॉक्टर "आधी कळायला हवं" याची घाई करत नाहीत. त्यांना फिकीर नाही असं ताईंना वाटत असेल तर ते तसं नाही.

तिरफळ | १६ जून, दुपारी १२:३०

इथे मी भांडणार. "कळून उपयोग काय" हा युक्तिवाद आज बरोबर आहे, उद्या नाही. नवं औषध आलं तर ते कुणावर तपासणार? ज्यांना जुनं चालत नाही त्यांच्यावरच. ते दहाव्या आठवड्याऐवजी तिसऱ्या आठवड्यात कळलं तर ती मुलं उरलेले सात आठवडे बिनकामाचं विष का घेतील? काजूबी यांचे कान आठवा. केमोतलं लाल औषध (डॉक्सोरुबिसिन) हृदयाला किती चालतं त्याचा आयुष्यभराचा कोटा असतो. तो वाया का घालवायचा?

आणि सर्जनचं काय? गाठ मुख्य रक्तवाहिनीला चिकटलेली आहे, पाय वाचवायचा की नाही हे काठावर आहे, तिथे गाठ किती मेलीय याचा अंदाज लाखमोलाचा नाही का?

घाटावरून_कोकणात | १६ जून, दुपारी १:१०

सर्जनचा मुद्दा मान्य. ट्यूमर बोर्डात, म्हणजे सगळ्या शाखांच्या डॉक्टरांच्या बैठकीत, नेमकी हीच चर्चा होते, आणि तिथे क्षकिरण काकांची तिन्ही चित्रं भिंतीवर लावून सगळे डोळे बारीक करून बघतात. पहिला मुद्दाही तत्त्वतः मान्य. फक्त "बिनकामाचं विष" म्हणू नका. ज्या गाठीत ७० टक्के पेशी मेल्या तिथे औषधाने काम केलंच आहे, आणि फुप्फुसातल्या अदृश्य पेशींवर काय केलं ते गुडघ्यातली गाठ सांगत नाही. केमो मुख्यतः त्यांच्यासाठी असते.

रातांबा | १६ जून, दुपारी २:००

आता विज्ञान आलं. धन्यवाद. आणि मसालोशेठ, काल सकाळचं माफ करा. माझी आईही दर वर्षी कौल लावायची, माझ्या नोकरीसाठी. डावाच यायचा.

मालवणी_मसालो | १६ जून, दुपारी २:०४

मगे? नोकरी लागली ना?

रातांबा | १६ जून, दुपारी २:०५

लागली.

बारक्या | १६ जून, दुपारी ४:४०

फक्त माहितीसाठी: डायनासोरलाही ऑस्टिओसार्कोमा व्हायचा. कॅनडात सापडलेलं सेंट्रोसॉरसचं पायाचं हाड, ७.६ कोटी वर्षांपूर्वीचं. आधी मोडून वेडंवाकडं जुळलेलं समजले होते, २०२० मध्ये सीटी काढून आणि पातळ काप घेऊन निदान पक्कं केलं. म्हणजे मुका मार समजून चुकलेलं निदान तेव्हापासूनचं आहे.

देवगडकर | १६ जून, दुपारी ४:५५

केमो किती सायकल झाल्या त्याच्या?

चिपळूणची | १६ जून, सायंकाळी ७:३०

विषय थोडा सोडते. परळला राहायचं कुठे? खाडीकाठचा, तुम्ही नातेवाइकांकडे असाल तर ठीक, नाहीतर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. लहान मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूडच्या खोल्या असतात, त्यासाठी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात विचारावं लागतं. महात्मा फुले योजनेचंही तिथेच विचारा. रेशन कार्ड, आधार यांच्या झेरॉक्स दहा-दहा काढून ठेवा. अकरावी लागतेच.

रक्तातल्या पेशींचे काउंट पडले असतील तेव्हा बाहेरचं सरबत, कापून ठेवलेली फळं नकोत. आमच्या पोराला फक्त नाचणीची आंबील आणि मऊ भात जायचा. तोंड आलं की सोलकढी झोंबते, देऊ नका. मासे चालतात, ताजे आणि पूर्ण शिजवून. हे सगळं डॉक्टरांना विचारूनच.

मालवणी_मसालो | १६ जून, सायंकाळी ७:३८

परळाक ताजे मासे! 😂

खाडीकाठचा | १७ जून, रात्री ११:४०

सगळ्यांना एकेकट्याने उत्तर देत नाही, रागावू नका. चिऱ्याच्या घरांचं वाक्य ताईला फोनवर वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं तिने. मग म्हणाली, चपात्या करते.

आज डॉक्टरांना विचारलं. पेट नको म्हणाले. मधल्या एमआरआयमध्ये गाठीच्या कडा नीट आखीव झाल्यात आणि आजूबाजूची सूज उतरलीय, तेवढ्यावर ते समाधानी आहेत. बाकी नंतर. "आधी सांगितलं आणि चुकलो, तर तुम्ही त्या आकड्याबरोबर दोन महिने राहाल," असं म्हणाले. भाच्याच्या कानांची तपासणी लावून घेतली. काजूबी, त्याला खरंच गुंई होत होतं. सांगितलं नव्हतं त्याने.

काजूबी | १८ जून, सकाळी ६:५५

माहीत होतं मला.

खाडीकाठचा | १८ ऑगस्ट, रात्री ९:१५

धागा वर काढतोय. ऑपरेशन जुलैच्या शेवटी झालं, पाय वाचला, आत सांधा बसवलाय. कडा सगळ्या स्वच्छ, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कापलेल्या टोकांना गाठ नाही. आज नेक्रोसिसचा रिपोर्ट आला: ८५.

ताईला मी आधी वेंगुर्ल्याच्या काकांचं आणि काजूबीचं सांगून ठेवलं होतं, त्यामुळे घरात रडारड झाली नाही. पुढची औषधं ठरली होती तीच. भाच्याने ८५ ऐकून विचारलं की शंभरपैकी की दीडशेपैकी.

लॅबवाली, रिपोर्टच्या शेवटी चौकटींचा नकाशा जोडलाय, जिवंत पेशी बहुतेक एकाच कोपऱ्यात आहेत. सुईबद्दल तुम्ही म्हणालात ते नकाशा पाहून कळलं.

लॅबवाली | १८ ऑगस्ट, रात्री ९:४०

कडा स्वच्छ, हे वाक्य मी दोनदा वाचलं. ८५ च्या आधी ते वाचायचं असतं.

वेंगुर्ल्याचा_बाप | १८ ऑगस्ट, रात्री १०:०२

छातीच्या सीटीच्या तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवा. आमचा जुलैचा स्वच्छ आला.

खाडीकाठचा | १८ ऑगस्ट, रात्री १०:२०

काका 🙏

एक शेवटचं, काजूबीसाठी. काउंट बरे राहिले तर डॉक्टर गणपतीला चार दिवस गावी सोडणार आहेत. भाचा विचारतोय, पंगतीत बसता येईल का? मांडी घालून?

काजूबी | १८ ऑगस्ट, रात्री १०:३१

मांडी नाही. उकिडवंही नाही, आणि गावच्या संडासाचं आधी बघा, कमोडची खुर्ची मिळते ती आत्ताच आणून ठेवा. पंगतीच्या टोकाला प्लास्टिकची खुर्ची आणि समोर स्टुलावर पान. पहिल्या वर्षी लाज वाटते. टोकाला बसलं की मोदक वाढणारा आधी तिथेच पोचतो, हे त्याला सांगा.